गिट-फ्लो की फक्त मेन? आधी जुन्या व्हर्जनचं बोला

पत्र, नावगाव काढून थोडक्यात: तीन मित्र मिळून एक ओपन सोर्स प्रोजेक्ट चालवतात. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेला मराठी मजकूर युनिकोडमध्ये करून देणारी पायथनची लायब्ररी आणि तिच्यावर बसवलेलं एक छोटं डेस्कटॉप ॲप. वापरणारे म्हणजे डीटीपीवाले, तालुक्याची साप्ताहिकं, काही प्रकाशक. आधी सगळं एकाच मास्टर ब्रांचवर (कोडची मुख्य शाखा) चालायचं. मग पुण्यात कंपनीत काम करणाऱ्या मित्राने गिट-फ्लो आणलं (गिट म्हणजे कोडमधले बदल सांभाळायचं साधन, आणि गिट-फ्लो म्हणजे त्यात ब्रांच कशा ठेवायच्या याची एक पद्धत), डेव्हलप ब्रांच, रिलीज ब्रांच, हॉटफिक्स म्हणजे तातडीच्या दुरुस्तीची ब्रांच, सगळा सरंजाम. एका साप्ताहिकाचा फोन आला की "आचाऱ्यांना" चं "आचार्यांना" होतंय, पत्र लिहिणाऱ्याने रात्रीत मास्टरवर हॉटफिक्स करून २.३.१ सोडलं, ते डेव्हलपमध्ये मर्ज करायचं, म्हणजे मिसळायचं, राहून गेलं आणि २.४ मध्ये तोच बग परत हजर. तिसरा मित्र म्हणतो हे सगळं फेकून द्या, एकच मेन (मास्टरचंच नवं नाव) ठेवा आणि प्रत्येक मर्जला पायपीआयवर, म्हणजे पायथनच्या लायब्ऱ्या जिथून उतरवतात त्या साइटवर, रिलीज सोडा. या वादात कित्येक महिने रिलीजच झालेलं नाही. वर एक प्रेसवाले काका अजून विंडोज ७ वर आहेत, त्यांना जुन्या १.९ मध्येच दुरुस्ती पाहिजे. शेवटी विचारलंय, "ताई, मोठे प्रोजेक्ट नक्की काय करतात ते सांगा, तेच आम्ही लागू करतो आणि वाद मिटवतो."

मित्रा, मोठे प्रोजेक्ट काय करतात ते सांगते, पण त्याने वाद मिटेल ही आशा सोड, कारण मोठे प्रोजेक्ट एकमेकांसारखं करतच नाहीत. पोस्टग्रेस या डेटाबेसचं बघ. वर्षाला एक मोठं व्हर्जन, प्रत्येकाला पाच वर्षं सपोर्ट, म्हणजे कुठल्याही वेळी साधारण पाच जुन्या ब्रांच जिवंत, आणि एखादा बग सगळ्यांत असेल तर दुरुस्ती सगळ्यांत जाते. आता रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा बघ. दर सहा आठवड्यांनी नवं व्हर्जन, नाइटलीतून (रोज बनणारी कच्ची प्रत) बीटात, बीटातून स्टेबलमध्ये, आणि नवं आलं की मागच्या स्टेबलकडे कोणी वळून बघत नाही. दोन्ही प्रोजेक्ट उत्तम चाललेत, दोन्हीकडे हुशार माणसं आहेत, मग एवढा फरक का? तर पोस्टग्रेसचं मोठं व्हर्जन बदलायचं म्हणजे डेटाबेस बंद करा, पीजी-अपग्रेड चालवा, सगळं तपासा, बँकेतला माणूस ते दरवर्षी करणार नाही, तो तीन-चार वर्षं आहे तिथेच बसतो म्हणून त्याच्यासाठी जुनी ब्रांच जगवावी लागते. रस्टवाल्यांनी २०१५ मध्ये १.० काढतानाच सांगून टाकलं की स्टेबलवर चालणारा जुना कोड नव्या कंपायलरवरही चालेल, मग जुन्यावर अडून बसायला कारणच उरत नाही.

म्हणजे ब्रांच किती ठेवायच्या हे ठरतं तुझे वापरणारे जुन्या व्हर्जनवर किती काळ अडकून राहतात त्यावर, आणि ते का अडकतात यावर. तुमच्या तिघांच्या भांडणात हा प्रश्न कुणी काढलेलाच दिसत नाही. पुण्यातला मित्र ऑफिसात पाहिलेलं सांगतोय, तिसरा बहुतेक वेबसाईटचं काम करत असणार (बोलण्यावरून वाटतं बुवा), आणि तू दोघांच्या मध्ये.

आधी गिट-फ्लोबद्दल, कारण त्याच्यावर सगळं खापर फुटतंय. व्हिन्सेंट ड्रिसेनने ते २०१० मध्ये लिहिलं, एक छान चित्र होतं सोबत, आणि ते चित्र इतकं पसरलं की पुढे कितीतरी टीमनी आपल्याला त्याची गरज आहे का हे न विचारताच भिंतीवर लावलं. त्याच माणसाने २०२० मध्ये त्या लेखाच्या वर टीप टाकली की तुम्ही सतत डिलिव्हरी करणारं वेब ॲप वगैरे बनवत असाल तर याच्यापेक्षा साधी पद्धत घ्या, पण सॉफ्टवेअरला स्पष्ट व्हर्जन असतील किंवा बाहेर एकाच वेळी अनेक व्हर्जन सांभाळायची असतील तर हे अजूनही चालेल. आता तुझं सॉफ्टवेअर दुसऱ्या गटात बसतं, त्यामुळे पुण्याचा मित्र अगदीच चुकीचा नाही, हे त्याला सांग, बरं वाटेल त्याला. आणि तुझा हॉटफिक्स हरवला तो गिट-फ्लोच्या नियमात बसून हरवला नाही, नियमात लिहिलेलंच आहे की हॉटफिक्स मास्टर आणि डेव्हलप दोन्हीत मर्ज करा.

पण. ज्या पद्धतीत एकच काम दोन ठिकाणी करावं लागतं, दुसरं ठिकाण विसरलं तर लगेच कुठेच काही लाल होत नाही, आणि हे सगळं रात्री अकराला एक दमलेला माणूस करतोय, तिथे ते विसरलं जाणारच. कंपनीत एखादा रिलीज इंजिनियर असतो त्याचं कामच हे असतं, तुमच्यात तो नाही. लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) स्टेबल शाखेचा नियम याच्या बरोबर उलट दिशेचा आहे आणि मला तो लहान टीमसाठी फार शहाणा वाटतो: दुरुस्ती आधी मुख्य झाडात आली पाहिजे, मगच ती जुन्या स्टेबलमध्ये घेतली जाईल. जँगोचं (पायथनचं वेब फ्रेमवर्क) आणि पायथनचं पण साधारण तसंच, आधी मेन, मग तिथून चेरी-पिक, म्हणजे तेवढाच एक बदल उचलून दुसऱ्या ब्रांचवर लावायचा. यातही माणूस विसरतो, पण विसरला तर काय होतं? जुन्या व्हर्जनवाल्याला दुरुस्ती मिळत नाही, तो ओरडतो, तू चेरी-पिक करतोस, संपलं. दुरुस्त झालेला बग पुढच्या व्हर्जनमध्ये भुतासारखा परत येत नाही. माणसं विसरणारच हे धरून चाल आणि विसरल्यावर कमीत कमी नुकसान कुठल्या बाजूने होतं ते बघून दिशा ठरव.

आणि डेव्हलप ब्रांच वेगळी ठेवली की वापरणारे सुरक्षित राहतात हा जो समज आहे तोही जरा तपासायला पाहिजे. कर्नलमध्ये पूर्वी सम-विषम पद्धत होती, २.४ म्हणजे स्थिर आणि २.५ म्हणजे प्रयोगाचं. २.४ आलं जानेवारी २००१ मध्ये, पुढचं स्थिर २.६ यायला डिसेंबर २००३ उजाडलं. जवळजवळ तीन वर्षं. लोक थोडेच थांबतात, डिस्ट्रोवाल्यांनी (कर्नलभोवती पूर्ण लिनक्स बांधून देणारे) २.५ मधलं हवं ते उचलून आपापल्या २.४ मध्ये कोंबलं आणि ज्याचा त्याचा २.४ वेगळा झाला. पुढे त्यांनी ती पद्धतच मोडली. आता दोन आठवडे मर्ज विंडो (नवं काम घ्यायची मुदत), मग दर आठवड्याला एक आरसी (रिलीजच्या आधीची तपासणीची प्रत), आरसी ७ किंवा ८ झालं की रिलीज, नऊ-दहा आठवड्यात एक फेरी पूर्ण. तुझं डेव्हलप आज त्या २.५ च्या वाटेवर आहे. महिनोन् महिने साचलंय, जितकं साचतं तितकी रिलीजची भीती वाढते, जितकी भीती तितकं अजून साचतं.

आता तिसऱ्या मित्राचं, प्रत्येक मर्जला रिलीज. वेबसाईटला हे ठीक आहे, तिथे चालू कॉपी एकच असते, बिघडलं तर मागे घेतलं. तुझं सॉफ्टवेअर कुठल्यातरी तालुक्याला प्रेसच्या मशीनवर बसलंय, ते तुला मागे घेता येत नाही. पायपीआयवर एकदा टाकलेल्या फाईलचं नाव परत वापरता येत नाही, डिलीट केलं तरी नाही. यँक करता येतं, म्हणजे पिप (पायथनचा इन्स्टॉलर) ते व्हर्जन आपणहून उचलत नाही, पण ज्याने नेमकं तेच व्हर्जन पिन केलंय त्याला ते मिळतच राहतं. शिवाय दर दोन दिवसांनी नवं व्हर्जन आलं तर डीटीपीवाला एक तर अपडेट बंद करून टाकेल नाहीतर तुला फोन करेल, आणि फोन कुणाला येतात ते तुझ्या पत्रातच आहे.

पण त्याचं अर्धं म्हणणं मला पटतं. मेन एकच असावी आणि ती कधीही रिलीज करता येईल अशा अवस्थेत असावी. त्याला फक्त "प्रत्येक मर्जला" च्या ऐवजी "ठरलेल्या तारखेला" म्हणायला लाव.

तर मी तुझ्या जागी असते तर असं केलं असतं. डेव्हलप बंद. मेन एकच, कामाच्या ब्रांच छोट्या, आठवडाभरात मर्ज होतील एवढ्याच. दर दोन किंवा तीन महिन्यांनी, तारीख आधी सांगून, मेनवर टॅग (त्या वेळच्या कोडवरची कायमची खूण) मारायचा आणि रिलीज. तारखेला जे तयार आहे ते जाईल, नाही ते पुढच्या फेरीला. गावाला दिवसातून एकच एसटी असेल तर माणसं टपावर चढतात, तासाला असेल तर कुणी धावत नाही, रिलीजचं तसंच आहे, पुढची तारीख जवळ आणि नक्की असली की "माझं एवढं घ्याच" हा आग्रह आपोआप कमी होतो. डेबियन ही लिनक्सची डिस्ट्रो तयार झाल्यावर सोडतात आणि त्यांना ते शोभतं, पण वुडी नावाचं व्हर्जन २००२ ला आणि पुढचं सार्ज २००५ ला, एवढा दम धरणारे लोक तुझ्याकडे नाहीत. उलट तारखेला चिकटून बसायचं म्हणजे देव्हाऱ्यात ठेवायची तारीख असंही नाही, उबंटू या दुसऱ्या डिस्ट्रोने एप्रिल २००६ चं रिलीज मुद्दाम जूनवर नेलं, म्हणून तर त्याचा नंबर (वर्ष आणि महिना) ६.०६ आहे. एखादवेळी चालतं.

अर्धवट राहिलेलं मोठं काम असेल, समजा नवा मॅपिंग इंजिन लिहिताय, तर ते महिनाभर बाजूच्या ब्रांचमध्ये ठेवू नका, मेनमध्येच एका सेटिंगमागे बंद करून ठेवा आणि तयार झालं की उघडा.

जुन्यासाठीची ब्रांच आधीपासून काढून ठेवायची गरज नाही, हे बऱ्याच जणांना पचत नाही. टॅग आहे ना, मग २.४.० च्या टॅगवरून २.४ ची ब्रांच कधीही काढता येते, सहा महिन्यांनीसुद्धा. गरज पडेल त्या दिवशी काढ, मेनवरची दुरुस्ती गिट चेरी-पिक ला -एक्स लावून घे, म्हणजे मूळ कमिट कुठला ते मेसेजमध्ये आपोआप लिहिलं जातं, आणि २.४.१ सोड. काम झालं की ती ब्रांच पडून राहू दे, ती खायला मागत नाही.

हे सगळं उभं राहतं ते टेस्टवर. "आचाऱ्यांना" चा बग परत आला याचं खरं कारण माझ्या मते ब्रांच नाहीच, त्या शब्दाची टेस्ट असती तर २.४ बाहेर पडायच्या आधीच ती लाल झाली असती. हॉटफिक्सबरोबर टेस्ट लिहिली असशील तर तीही मास्टरवरच राहिली, डेव्हलपपर्यंत पोचलीच नाही. एक फोल्डर कर, त्यात जुन्या फॉन्टमधली ओळ आणि तिचं बरोबर युनिकोड अशा जोड्या. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी असते आणि युनिकोडमध्ये व्यंजनानंतर, रफार तिथे शेवटी टाईप होतो आणि इथे र आधी लागतो, तेव्हा जोडाक्षरावरचा रफार, वेलांटी आणि रफार एकत्र, "दऱ्या" आणि "दर्या", "पुढाऱ्यांनी", असलं सगळं त्यात घाल. बग आला की आधी जोडी, मग दुरुस्ती. चेरी-पिक करताना जोडीही सोबत जाते.

इथे एक गोष्ट जरा थांबून सांगते कारण तुझ्या प्रोजेक्टला ती ब्रांचपेक्षा जास्त चावणार आहे. सिमँटिक व्हर्जनिंग पाळतो असं तू लिहिलंयस, म्हणजे फंक्शनची नावं, पॅरामीटर बदलले तरच मोठा आकडा वाढवायचा. पण तुझ्याकडे लोक फंक्शनसाठी येत नाहीत, निघणाऱ्या मजकुरासाठी येतात. "ऱ्य" युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, एक नुक्तावाला ऱ, मग हलंत, मग य, आणि दुसरा साधा र, हलंत, झीरो विड्थ जॉइनर (न दिसणारं जोडचिन्ह) आणि मग य. पडद्यावर बघितलं तर फरक दिसत नाही. पण समजा एका प्रकाशकाने तुझ्या २.३ ने शंभर पुस्तकं बदलून ठेवली आणि २.४.१ मध्ये तुम्ही गुपचूप दुसरा प्रकार काढायला लागलात, तर त्याच्या शोधात "शेतकऱ्यांनी" टाकलं की अर्धी पुस्तकं सापडतील आणि अर्धी नाही. एकही फंक्शन बदललेलं नाही आणि माणूस मात्र पार आडवा. अशा प्रकाशकाने एकदा चटका खाल्ला की तो पुन्हा अपडेट करत नाही, जुन्या व्हर्जनवर ठाण मांडतो, आणि मग तुला त्याच्यासाठी ब्रांच जगवावी लागते. तेव्हा चुकीचं अक्षर दुरुस्त करणं हा पॅच, पण बरोबर असलेल्या मजकुराचे आतले कोड बदलणं हा मोठा आकडा, असं रीडमीमध्ये (प्रोजेक्टच्या माहितीची फाईल) लिहून टाक, आणि शक्य असेल तर जुनं वागणं एका पर्यायामागे चालू ठेव. अपडेट जितका निर्धास्त करता येईल तितक्या तुझ्या ब्रांच कमी.

विंडोज ७ वाले काका. त्यांच्याकडे पायथन ३.८ च्या पुढे जाणारच नाही, ३.९ पासून विंडोज ७ सोडलं गेलं, आणि ३.८ चाही सपोर्ट ऑक्टोबर २०२४ मध्ये संपला. त्यांची अडचण खरी आहे, प्रेसमध्ये एखादं जुनं मशीन, जुनं पेजमेकर, जुना प्रिंटर ड्रायव्हर असतो आणि ते हललं तर धंदा हलतो, तेव्हा "अपग्रेड करा काका" हे उत्तर नव्हे. पण "बघतो काका" म्हणणं त्याहून वाईट. १.९ च्या टॅगवरून ब्रांच काढ, रफाराची दुरुस्ती तिथे सहज बसत असेल तर एकदाच बसव, १.९.१ दे आणि स्वच्छ सांग की याच्यापुढे फक्त मजकूर खराब करणारा बग असेल तरच, आणि तेही अमुक तारखेपर्यंत. कर्नलवाल्यांनीसुद्धा २०२३ मध्ये एलटीएसचा, म्हणजे जुनं व्हर्जन दीर्घकाळ सांभाळण्याचा, काळ सहा वर्षांवरून दोनवर आणायचं जाहीर केलं, सांभाळणाऱ्या माणसांवरचा ताण हे एक कारण होतंच, तुम्ही तर तिघे. आणि नव्या व्हर्जनच्या मेटाडेटात पायथन किमान ३.९ पाहिजे हे लिहायला विसरू नकोस, म्हणजे जुन्या मशीनवरचं पिप नवं व्हर्जन ओढून मोडण्यापेक्षा आपोआप जुनंच घेतं. डेस्कटॉप ॲपला ही सोय नाही, तिथे डाऊनलोडच्या पानावर जुन्या इन्स्टॉलरची लिंक ठेव.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, सगळ्यांनी असंच करावं असं नाही. एकटेच प्रोजेक्ट चालवत असाल तर मेन आणि टॅग एवढंच पुरे. फर्मवेअर (उपकरणाच्या आतलं सॉफ्टवेअर) असेल, किंवा रिलीजच्या आधी दोन-तीन आठवडे कुणीतरी हाताने तपासतं असं असेल, तर तेवढ्या काळापुरती रिलीज ब्रांच काढून तिथे फक्त दुरुस्त्या घेणं योग्यच आहे, तेव्हा मेन मोकळी राहते. पैसे देणारं गिऱ्हाईक जुन्या व्हर्जनवर असेल तर त्याची ब्रांच त्याच्या करारात लिहिलेल्या तारखेपर्यंत.

आता मित्रांचं. मीटिंग बोलावून गिट-फ्लोवर मतदान घेऊ नकोस, पुण्याच्या मित्राला एवढंच विचार की ऑफिसात ती पद्धत नेमकं कशापासून वाचवते. बहुतेक म्हणेल की कुणी न तपासलेलं बाहेर जात नाही. मग त्याच्या चिंतेचं उत्तर मेनवर दुसऱ्याने रिव्ह्यू केल्याशिवाय आणि टेस्ट हिरव्या झाल्याशिवाय मर्ज नाही, हे गिटहबवर (कोड ठेवायची साइट) ब्रांच प्रोटेक्शनने लावून टाक. आणि पहिल्या रिलीजची जबाबदारी त्यालाच दे, पुढची तिसऱ्याला, मग तू. आळीपाळीने. पायपीआयचे अधिकार पण तिघांकडे हवेत, तुझ्या एकट्याच्या फोनवरच्या ओटीपीवर प्रोजेक्ट लटकवू नकोस.

डेव्हलप बंद करायची म्हणजे लगेच उडवायची नाही. आधी गिट लॉग डेव्हलप..मास्टर चालवून बघ, मास्टरमध्ये आहे आणि डेव्हलपमध्ये नाही अशी यादी मिळेल, हॉटफिक्स फक्त तो एकच हरवलाय अशी खात्री धरू नकोस. मास्टर डेव्हलपमध्ये मर्ज कर, जोड्यांच्या टेस्ट चालव, मग सगळं मेनमध्ये आण. उघड्या पीआरचा (पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल मर्ज करा अशी विनंती) बेस बदलून मेन कर आणि मगच डेव्हलप काढ, नाहीतर बाहेरून काम पाठवणाऱ्या लोकांचे पीआर बंद पडतील आणि ते बिचारे आपलं काय चुकलं म्हणून विचारत बसतील. त्यानंतर २.५.०आरसी१ सोड. आरसी असलं की पिप ते मुद्दाम मागितल्याशिवाय देत नाही, त्यामुळे कुणाचं काही मोडत नाही. दोन साप्ताहिकवाल्यांना गाठ, त्यांचे मागचे चार अंक आरसीवर बदलून बघायला सांग, काय बिघडलं ते व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवा म्हणावं, बग ट्रॅकर वगैरे त्यांना सांगू नकोस. दहा दिवस थांब. जे सापडेल त्याची जोडी, दुरुस्ती, आरसी२, आणि मग २.५.०.

आणि रीडमीत वरच, इन्स्टॉल कसं करायचं त्याच्याही आधी, हे चार ओळीत टाक: नवं व्हर्जन जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात येतं. दुरुस्त्या फक्त सगळ्यात नव्या व्हर्जनला मिळतात. १.९ ला मजकूर बिघडवणाऱ्या बगपुरती दुरुस्ती अमुक महिन्यापर्यंत मिळेल. त्याच्यापुढे कुणाला १.९ सांभाळायची असेल तर ब्रांच तयार आहे, आम्ही रिव्ह्यू करून देऊ. तारीख तिघांनी बसून भरा आणि काकांना ती फोन करून सांग, ते रीडमी वाचणार नाहीत.